गवती चहाची अंडी

धोंडीबा तात्यांना खोटं बोलता येत नाही, हे कळंबात कौतुकानं सांगतात आणि त्यांच्या घरात तक्रार म्हणून.

मुलासाठी, सोमनाथसाठी, पहिलं स्थळ आलं, तेव्हा मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणं विचारलं, "मुलगा कसा हाय?" रीतीप्रमाणं उत्तर असतं, "तुमच्या म्होरंच बसलाय." धोंडीबांनी मात्र प्रश्नावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, "कामाला चांगला हाय. सकाळी उठत न्हाय." बशीतले पोहे निम्मे खाऊन झाले असताना ते स्थळ उठलं. पुढं ज्योत्स्नाच्या वडिलांनाही हेच उत्तर मिळालं. ते म्हणाले, "आमचीबी उठत न्हाय," आणि लग्न जमलं. आता सकाळी दोघांपैकी कुणी कुणाला उठवायचं यावर वाद होतो, आणि सोमनाथ मोटरसायकलवरून बारामती एमआयडीसीतल्या दूध प्लँटवर रोज धापा टाकत पोचतो.

नोकरीची सगळी वर्षं धोंडीबांनी साखर कारखान्याच्या गेटवर काढली. सुटणाऱ्या पाळीच्या पिशव्या बघायच्या, डबे उघडायचे, सोडून द्यायचं. एकदा एका डब्यात भाजीऐवजी साखर निघाली. डबा त्यांच्या बायकोच्या, ताईबाईंच्या, सख्ख्या भावाचा होता. धोंडीबांनी मेव्हण्याला आधी घरची खुशाली विचारली आणि मग साहेबांपुढं उभं केलं. त्या वर्षी दिवाळीला ताईबाईंना माहेरची साडी आली नाही. तो विषय घरात अजून संपलेला नाही. नुसतं साखरेचा डबा कुठं ठेवला म्हणून विचारलं तरी तो निघतो.

निवृत्त झाल्यावर ते कालव्याकडेच्या आपल्या तुकड्यात उतरले. चौफेर ऊस, मध्ये यांचाही ऊस. अडचण एकच होती. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की धोंडीबांना शिंका सुरू व्हायच्या, आणि एका शिंकेत निम्मं औषध उसाऐवजी शेजारच्या बांधावर जायचं. शेजारी म्हणायचा, "तात्या, माझं रान फुकट फवारताय, आभारी हाय." शेवटी त्यांनी फवारणी बंद केली. फवारणी बंद केल्यावर किडे आले. किड्यांसाठी कोंबड्या आणल्या. कोंबड्यांना उसात काही सापडेना, म्हणून ऊस काढून शेवगा, पेरू, लिंबू, वांगी, मेथी असं मिसळीचं रान केलं. कोंबड्या किडे टिपायच्या, रान शेणखत खायचं, आणि माणसं उरलेलं. एका शिबिरात कुणीतरी त्यांना सांगितलं की याला शाश्वत शेती म्हणतात. धोंडीबा प्रामाणिकपणे म्हणाले, "आमी याला शिंका म्हनतो."

कोंबड्यांना त्यांनी कारखान्यातल्या हुद्द्यांची नावं दिली होती. वाफ्यावाफ्यातून मान वर करून फिरणारी आणि कशालाही चोच न लावणारी ती शेतकी अधिकारी. दुसरीच्या तोंडचं गांडूळ हिसकावणारी ती मुकादम. आणि उन्हं पेरूच्या बुंध्याशी आली की न चुकता पाटीत बसून अंडं देणारी तांबडी कोंबडी, ती टायमकीपर.

अंडी बारामतीत द्यायची कल्पना सोमनाथची. प्लँटच्या प्रयोगशाळेत दूध तपासणारे केशवसाहेब एकदा जेवताना म्हणाले, "घरी खरी गावरान अंडी हवी आहेत, कुठं मिळतील?" सोमनाथ म्हणाला, "माझ्या घरी." म्हणून एका सकाळी धोंडीबा टोपलीत भुसा घालून, भुशात अंडी रोवून, जुन्या मोपेडवर बारामतीला निघाले. खड्डा आला की ते गाडीवरून उतरत आणि अंड्यांना चालत नेत.

केशवसाहेबांच्या पत्नी मंदाकिनीताई कॉलेजात वाणिज्य शिकवत. आपण जे खातो ते कुठून येतं हे माणसाला माहीत पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचं तेल लाकडी घाण्याचं होतं, गूळ बिनरसायनाचा होता, आणि या सगळ्याची माहिती त्यांना मोबाइलवरच्या व्हिडिओंतून होती. त्यांनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि तिथंच थांबल्या.

"काका, ही पांढरी आहेत."

"व्हय. जरा सायीवानी हायत, पन पांढरीच."

"सोमनाथ तर गावरान म्हणाला होता."

"गावरानच हायत."

"गावरान अंडं तपकिरी असतं."

धोंडीबांनी टोपलीकडं पाहिलं. "आमच्या कोंबड्यांना त्ये कुनी सांगितलं न्हाय, ताई."

ते अगदी मनापासून बोलले होते. मंदाकिनीताईंना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी एक अंडं आत नेऊन वाटीत फोडलं. बलक शेंदराच्या रंगाचा निघाला. वाटी घेऊन त्या दारात आल्या.

"आणि ह्यात रंग घातलाय."

"आत? कवच न फोडता?"

"इंजेक्शननं घालतात. व्हिडिओ आहे."

धोंडीबांनी वाटीत वाकून बलक पाहिला. ज्याला शेळीला सुई टोचताना बघवत नव्हतं, तो अंड्याला कशाला टोचेल. पण त्यांच्या मनातलं चेहऱ्यावर यायला वेळ लागायचा, आणि मंदाकिनीताईंना तेवढा वेळ नव्हता.

"इतक्या वयाचे तुम्ही, आणि अशी लबाडी करता," त्या म्हणाल्या. आवाज जिन्यात घुमला. समोरचं दार किंचित उघडलं. आत हॉलमध्ये केशवसाहेब पेपर वाचत होते. तो त्यांनी आणखी थोडा वर उचलला.

खाली गेटवर इमारतीचा वॉचमन विशाल उभा होता. "तात्या, टोपली उघडून दावा. आत काय नेलं, भाईर काय आनलं, बघायचा नियम हाय."

जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या उघडलेल्या माणसानं आपल्या टोपलीवरचं फडकं स्वतःच्या हातानं बाजूला केलं. नियम बरोबरच होता, त्यामुळं रागही धरता येईना.

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले, चपलाही काढल्या नाहीत.

"मला लबाड म्हनली ती."

ताईबाई मेथी निवडत होत्या. "मग? मी तर रोज म्हन्ती."

"तू रागानं म्हन्तीस. ती खरं समजून म्हनली."

ताईबाईंचा हात थांबला. एवढ्या वर्षांच्या संसारात आपला नवरा दुखावला की कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं. तो आणखी सरळ बसतो.

"जवर त्यो शब्द ती मागं घेत न्हाय," धोंडीबा म्हणाले, "तवर बारामतीला अंडं जायाचं न्हाय."

या निर्णयाची कोंबड्यांना कल्पना नव्हती. त्या देत राहिल्या. घरात सकाळी भुर्जी, दुपारी कालवण, संध्याकाळी उकडलेली असा क्रम लागला. ज्योत्स्नानं वांग्याचं भरीत केलं, त्यातही अंडं निघालं. सोमनाथचा डबा उघडला की प्लँटमधली माणसं पाण्याचं निमित्त काढून उठू लागली.

अशा वेळी गोकुळ आला. गोकुळचा बारामतीत अंड्यांचा गाडा होता आणि त्यावर पाटी होती, "खात्रीशीर गावरान". हा माणूस पित्तामुळं चहाला शिवत नसे, पण वाण्याकडून चहापत्तीचे पुडे नेत असे, आणि आजवर याचा कुणाला संशय आला नव्हता. धोंडीबा रानात गेलेले बघून तो ताईबाईंपाशी टेकला.

"काकी, तात्यांचं चुकतंय कुठं सांगू? लोकांना अंडं नको असतंय, रंग पायजे असतोय. मी पोल्ट्रीचं अंडं चहात बुडवतो, तर मला खात्रीचा मानूस म्हनत्यात. तात्या खरं अंडं घेऊन गेले, तर लबाड ठरले."

"तुला लाज न्हाय वाटत?"

"वाटती की. पन गिऱ्हाईक खूश असतंय, मग जाती."

गोकुळ गेला. त्याचं बोलणं मात्र ओसरीवरच बसून राहिलं. ताईबाईंनी दोन दिवस त्याच्याकडं दुर्लक्ष करून पाहिलं. मग त्यांना वाटलं, गोकुळ खोट्याला खरं करतोय, आपण तर खऱ्यालाच खरं करायचंय. यात पाप कुठं आलं?

फक्त, अंडी रंगवायला कोरी चहापत्ती घालवायची हे काही त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. त्यांनी रोजचा उरलेला चहा साठवला. त्यांच्या घरचा चहा म्हणजे भरपूर साखर आणि मोरीच्या पाण्यावर माजलेल्या गवती चहाची मूठभर पाती. दूध घालायच्या आधीच त्या एक भांडं बाजूला काढून ठेवू लागल्या. त्यात अंडी बुडवली, वाळवली, आणि काय सुरेख तपकिरी झाली. खुद्द कोंबड्यांनीही ओळखली नसती.

"हे साहेबाच्या घरी दे," त्यांनी सोमनाथला डबा दिला. "तुज्या आबांना बोलू नगंस."

"आये, नको. आबांना कळलं तर?"

"आन लबाड मानसाचा पोरगा म्हनून साहेबाच्या हाताखाली काम करनार हायस व्हय?"

सोमनाथनं डबा घेतला.

तिकडं मंदाकिनीताईंनी झाकण काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तपकिरी. त्यांनी एक अंडं नाकाशी नेलं. गवती चहाचा मंद वास. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बघतात तर अंड्यांच्या परडीला मुंग्यांची रांग. दुसरी कुणी बाई वैतागली असती. मंदाकिनीताईंनी शेजारणीला हाक मारून रांग दाखवली.

"बघा. रसायन असतं तर मुंगी फिरकली असती का? फार्मच्या अंड्याला कधी मुंगी लागलेली बघितलीत?"

शेजारणीनं बघितलेली नव्हती. मुंग्या, वास आणि रंग, तीन पुरावे झाले. संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळीकडं झालं की कळंबला एक काका आहेत, ते कोंबड्यांना गवती चहा चारतात.

मग धोंडीबांच्या मोबाइलवर मंदाकिनीताईंचा आवाजात भरलेला निरोप आला. "काका, या वेळी खरी गावरान अंडी पाठवलीत, खूप छान. मागच्या वेळी मी जरा जास्तच बोलले, मनावर घेऊ नका. आणि कोंबड्या गवती चहा खातात हे आधीच सांगायचं ना."

सोमनाथनं न सांगता अंडी नेऊन दिली एवढंच धोंडीबांना कळलं, आणि बाईनं माघार घेतली म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं. तो निरोप त्यांनी ओसरीवर ऐकला. मग दूध संकलन केंद्रावर जाऊन ऐकवला, मग एसटी थांब्यावर, मग विहाराच्या कट्ट्यावर. आवाज मोठा करून, फोन दोन्ही हातांत धरून. "मनावर घेऊ नका" आलं की ते बोट वर करून लोकांना थांबवायचे आणि तेवढा तुकडा पुन्हा लावायचे. ताईबाई दारातून बघत राहिल्या. नवऱ्याला एवढं खूश बघून त्यांना बरं वाटत होतं, आणि चुलीपाशी झाकलेल्या भांड्याकडंही सारखं लक्ष जात होतं.

फक्त निरोपाचा शेवट धोंडीबांना उमगत नव्हता. आपल्या कोंबड्या गवती चहा खातात? त्यांनी मोरीजवळची मूठभर पाती उपटून कोंबड्यांपुढं टाकली. मुकादमनं एक पात ओढून पाहिली आणि टाकली. शेतकी अधिकारी आली, मान तिरकी करून पाहणी केली आणि निघून गेली.

"खात न्हाईत," धोंडीबा स्वतःशी म्हणाले. "मग बाईला कसं कळलं?"

त्याच दुपारी रानातून ते तहानलेले आले. ताईबाई अंगणात होत्या. चुलीपाशी भांडं झाकलेलं दिसलं, उघडलं तर चहा. त्यांनी तो कपात ओतला. चहाबरोबर एक अंडंही आलं, कपाच्या तोंडावर येऊन बसलं.

धोंडीबा कपाकडं बघत राहिले. मग कप घेऊन अंगणात गेले आणि ताईबाईंपुढं धरला.

ताईबाई म्हणाल्या, "सांगनारच व्हते."

"हे तू केलंस?"

"अंडं खरं हाय का न्हाय?"

"हाय."

"कोंबडी आपली हाय का न्हाय?"

"हाय. पन रंग खोटा हाय."

"रंग चहाचा हाय. चहा खोटा हाय का? तुमीच तर पिताय रोज."

धोंडीबांनी कप खाली ठेवला. ते खाटेवर बसले. आपली गेलेली पत परत आली होती, साऱ्या गावाला ऐकवूनही झाली होती, आणि ती लबाडीवर आली होती. पहिल्यांदा बारामतीची बाई खोटं बोलली होती आणि ते खरे होते. आता बाई त्यांना खरं म्हणत होती आणि ते खोटे होते. आणि गंमत म्हणजे लोकांना दुसरंच जास्त आवडलं होतं.

"गप ऱ्हावा," ताईबाई हळूच म्हणाल्या. "झालं ना मनासारखं."

ते गप्प राहिले. रविवारच्या वंदनेपर्यंत.

विहारात पंचशील म्हणायचा मान नेहमी धोंडीबांचा. आवाज खणखणीत, त्यामागून सगळ्यांनी म्हणायचं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं, तोंडाशी आलं आणि तिथंच अडकलं. त्यांनी खोकून पाहिलं. घसा साफ होता. मग ते एकदम पाचव्यावर गेले.

मागून म्हाताऱ्या धोंडाबाईंचा आवाज आला, "तात्या, चौथं ऱ्हायलं."

"ऱ्हायलंच हाय, बाई," धोंडीबा म्हणाले.

वंदना संपताच ते पांढऱ्या कपड्यांनिशी थेट मोपेडवर बसले.

मंदाकिनीताईंचं दार उघडंच होतं. आत दोन शेजारणी वाट्या घेऊन बसल्या होत्या. आज अंडी येणार असं सोमनाथ म्हणाला होता. धोंडीबा रिकाम्या हातानं उंबऱ्यात उभे राहिले.

"या, या काका," मंदाकिनीताई म्हणाल्या. "ह्यांना सांगा बरं, गवती चहा कोंबड्यांना ओला देता की वाळवून?"

"ताई, कोंबडी गवती चहा खात न्हाय."

"मग वास कशाचा येतो?"

"चहाचा. अंडी चहात बुडवली व्हती. घरच्या चहात. साखर हाय त्यात, म्हनून मुंग्या."

 एका शेजारणीनं वाटी पदराखाली घेतली. दुसरी म्हणाली, "गॅसवर दूध आहे," आणि उठली. तिच्यामागून पहिलीही गेली.

दोघी गेल्यावर मंदाकिनीताई बोलल्या. "मी सगळ्या इमारतीला सांगितलं, काका."

"व्हय. म्हनून आलो."

"म्हणजे लबाडीच की ही. मी पहिल्या दिवशी म्हणाले होते तेच. लबाड आहात तुम्ही."

"ही लबाडी हाय," धोंडीबा म्हणाले. आवाज स्थिर होता. "पयल्या दिवशीची नव्हती. ती पांढरी खरी व्हती. हीबी खरी हायत, रंग तेवढा खोटा. तुमी येक करा. येत्या रविवारी कळंबला या. कोंबडी बघा, अंडं पडताना बघा. मग काय म्हनायचं त्ये म्हना. मी ऐकून घेतो."

"मला कशाला यायचं..."

"जाऊ या," पेपरामागून आवाज आला. केशवसाहेबांनी पेपर खाली ठेवला होता. "कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. पांढरंही असू शकतं."

मंदाकिनीताई त्यांच्याकडं वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

केशवसाहेबांनी विचार केला. "तू व्हिडिओचं सांगत होतीस," ते म्हणाले.

रविवारी दोघं गाडी घेऊन आले. ताईबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली आणि स्वतः चुलीपाशी दडून बसल्या. मंदाकिनीताईंनी खांद्यावरची जाडजूड सुती पिशवी खाटेवर टाकली. तिच्यावर पृथ्वीचं चित्र होतं.

धोंडीबांनी त्यांना टायमकीपरची पाटी दाखवली. "उन्हं पेरूच्या बुंध्याशी आली की बसती. तिचा टाइम चुकत न्हाय."

उन्हं बुंध्याशी यायला वेळ होता, म्हणून सगळे रान फिरले. केशवसाहेबांनी झाडावरचा पेरू तोडून शर्टाला पुसून खाल्ला. असं ते लहानपणानंतर पहिल्यांदाच करत असावेत, कारण दुसरा खाताना त्यांनी पुसलाही नाही. मंदाकिनीताई शेणखताच्या ढिगाशी थांबल्या. कोंबड्या ढीग उकरून पांढऱ्या अळ्या मटामटा खात होत्या.

"ह्या हे खातात?"

"हेच तर खात्यात. ह्ये आन मेथीचा पाला, म्हनून बलक तसा शेंदरी."

"रोज?"

"सापडल्या तर रोज."

मंदाकिनीताई बराच वेळ त्या ढिगाकडं बघत राहिल्या. आपण जे खातो ते कुठून येतं, ते त्यांना आता अगदी जवळून दिसत होतं. "व्हिडिओत उकिरडा नव्हता," त्या म्हणाल्या.

उन्हं पेरूच्या बुंध्याशी आली. सगळे पाटीभोवती बसले. टायमकीपर आली नाही. उन्हं बुंध्यावर चढली, तरी नाही. धोंडीबांनी शेवग्याखाली पाहिलं, लिंबाच्या जाळीत पाहिलं, "टायमकीपर, अगं ए" म्हणून हाका मारल्या. मुकादम आली आणि पाटीत डोकावून गेली. धोंडीबांच्या कपाळावर घाम आला. नोकरीत एक दिवस उशीर न केलेल्या माणसाची कोंबडी नेमकी आज रजेवर गेली होती.

केशवसाहेब म्हणाले, "अनोळखी माणसं दिसली की नसेल येत."

"राहू द्या काका," मंदाकिनीताई उठल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि धोंडीबांना तेच जास्त लागलं. "निघतो आम्ही. उशीर झाला."

त्या ओसरीवर आल्या आणि खाटेवरची पिशवी उचलायला गेल्या. पिशवी ओरडली. मंदाकिनीताई दोन पावलं मागं उडाल्या. पिशवीतून आधी तांबडा तुरा वर आला, मग मान, मग पंख झाडत अख्खी टायमकीपर बाहेर पडली आणि सगळ्या आळीला सांगत, कोकलत अंगणभर फिरली.

मंदाकिनीताईंनी हळूच पिशवीत हात घातला. मोबाइल, चष्म्याचं घर, गाडीची किल्ली. आणि त्यांच्यामध्ये एक अंडं. ते त्यांनी बाहेर काढलं. जरा ओलसर होतं, एका बाजूला बारीक पीस चिकटलं होतं.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना केशवसाहेबांनीही क्वचितच ऐकलं असेल.

"पांढरं आहे," केशवसाहेब म्हणाले.

"दिसतंय मला."

त्यांनी ते अंडं दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं. खाली ठेवावं असं त्यांना वाटेना. मग त्या धोंडीबांकडं वळल्या.

"काका, मी तुम्हाला लबाड म्हणाले होते. तो शब्द मी मागे घेते."

"कंचा?"

"म्हणजे?"

"दोनदा म्हनला व्हता. पयला मागं घ्या. दुसरा ऱ्हाऊ द्या, त्यो बरोबर व्हता."

चुलीपाशी भांडं आपटल्याचा आवाज झाला. ताईबाई पदर खोचत बाहेर आल्या. "दुसरा माजा हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना काय ठावं नव्हतं. माज्या नावावर करा त्यो."

मंदाकिनीताईंनी एकदा धोंडीबांकडं बघितलं आणि एकदा ताईबाईंकडं, आणि पहिल्यांदाच हसल्या. मग चहा झाला. गवती चहाचाच. कप तोंडाला लावण्याआधी सगळ्यांनी त्यात वाकून पाहिलं.

निघताना धोंडीबांनी टोपलीत पांढरी अंडी भरली. मंदाकिनीताई गाडीपाशी घुटमळल्या.

"काका, एक अडचण आहे. इमारतीत मी सगळ्यांना गवती चहाची अंडी म्हणून सांगून बसलेय. आता ह्या पांढऱ्यांवर कोण विश्वास ठेवणार? आणि प्रत्येकीच्या पिशवीत तुमची कोंबडी थोडीच बसणार आहे."

धोंडीबा थांबले. चेहऱ्यावर यायला नेहमीप्रमाणं वेळ लागला. मग ते मोरीकडं गेले, विळ्यानं गवती चहाची घसघशीत जुडी कापली, सुतळीनं बांधली आणि टोपलीत अंड्यांच्या शेजारी ठेवली.

"हे कशाला?" मंदाकिनीताईंनी विचारलं.

"कुनी इचारलं तर सांगा, कळंबच्या अंड्यासंगं गवती चहा येतो. खोटं न्हाय त्ये."

गाडी कालव्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. ताईबाई दारात उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "हे माज्या भावाच्या वेळंला सुचलं असतं, तर दिवाळीची साडी आली असती."

आणि धोंडीबा, ज्यांना खोटं बोलता येत नाही, ते ऐकू न आल्यासारखं करून टायमकीपरला दाणे टाकायला गेले.